व्हॉल्व्हचा पाव फेरा

माझा धाकटा भाऊ येऊन गेला की स्वयंपाकघरातला नळ टिपकायला लागतो. तो नळ घट्ट बंद करतो आणि मग, कोणी सांगितलेलं नसताना, किंचित मागे सोडतो. एकतीस वर्षं त्याने इस्पितळाच्या धोबीखान्यात बॉयलर सांभाळला. तापलेला व्हॉल्व्ह आवळून ठेवला तर गार झाल्यावर जाम बसतो, म्हणून पाव फेरा मागे. ती सवय मनगटात मुरली आहे. मी ओरडून थकले.

धोबीखाना विजेवर गेला तेव्हा हा घरी बसला आणि भावजयीच्या प्रत्येक कामात नाक खुपसू लागला. तिनेच त्याला हायड्रोजनच्या नव्या चाचणी केंद्रात पिटाळलं. तिथे शिकलेले पुष्कळ होते, पण वाफेशी घरोबा असलेलं कोणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'वाफोबा' पडलं.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. तरी ते यंत्र मला त्यानेच समजावलं, तेही माझ्याच फडताळातली बरणी उचलून. पाण्यातून हायड्रोजन काढायला वीज लागते, एवढं मला ठाऊक होतं. त्याचं म्हणणं, घट्ट बसलेलं झाकण उघडायला जोर लागतो, तेच बरणी गरम पाण्यात धरली की कमी जोरात सुटतं. तसं आरशांनी उन्हाची उष्णता गोळा करायची, पाण्याची कडक वाफ करायची आणि ती तापलेल्या पातळ चकत्यांवर सोडायची; तिथे वीज तिच्यातून हायड्रोजन वेगळा काढते. कामाचा काही भार उष्णता उचलते, मग सौर पॅनेलची वीज कमी लागते. उपमा ढोबळ होती, पण मी सोडून दिलं.

त्या चकत्या चिनी मातीसारख्या ठिसूळ. एका सकाळी यंत्र सुरू करताना त्यांची अख्खी चळत तडकली. तेव्हा कामावर एक तरुण इंजिनिअर मुलगी होती, नोकरीला सहा महिनेही न झालेली. तिने घाईघाईत तापवलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. वाफेबरोबर पाणी आलं, असं ती परोपरीने सांगत होती. बंद पाइपात पाणी कुठून येणार, असं विचारून तिला गप्प केलं. सोमवारी तिला काढणार होते.

हे सगळं भाऊ शनिवारी दुपारी माझ्या ओट्यापाशी उभा राहून तावातावाने सांगत होता. पोरगी सावध आहे, तापमानाच्या काट्यावरून नजर हलवत नाही, उगाच बळी देताहेत वगैरे. बोलता बोलता त्याने पेला विसळला, नळ बंद केला. पेला पालथा घालत होता, तेव्हा सिंकमधला आवाज ऐकू आला. टप. टप.

त्याने नळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. स्टूल ओढून बसला.

"ताई, संध्याकाळी वाफेचा व्हॉल्व्ह मीच बंद करतो."

टाकीत उरलेली वाफ रात्रभर झिरपली, गार पाइपात तिचं पाणी झालं आणि सकाळी वाफेने ते पाणी तापलेल्या चकत्यांवर ढकललं. मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

"मला काढतील," तो म्हणाला.

"काढतील बहुतेक. चप्पल घाल."

"सोमवारी सकाळी लवकर जाऊन सांगतो ना."

"आणि तोवर त्या मुलीने काय करायचं?"

गेला तसाच केंद्रावर. केंद्राच्या प्रमुख बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला व्हॉल्व्हपाशी नेऊन बंद करायला सांगितलं. त्याने बंद केला, आणि सगळं कबूल करून बसलेला असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत हात मागे फिरलाच. बाई हसल्या नाहीत, असं तो सांगतो. मला शंका आहे.

मुलगी राहिली. यालाही काढलं नाही, फक्त व्हॉल्व्हला हात लावायला बंदी घातली. पाइपाच्या सखल भागात पाणी काढायची तोटी हवी, हे त्यानेच सुचवलं आणि ती बसवलीही. आता संध्याकाळी ती मुलगी व्हॉल्व्ह आवळते आणि हा शेजारी हात पाठीमागे धरून उभा राहतो. वीज खरंच किती वाचते, ते नवी चळत वर्षभर चालली तर कळेल.

माझा नळ अजून टिपकतो. तो गेला की मी उठते आणि बंद करते. ओरडत नाही.