शिवलेला चौथा भाग

पेटी शिवेबाहेर होती.

सायकलवरून उतरलो तेव्हा वाटलं, वाळवी लागली म्हणून कुणी ती उन्हात ठेवली असेल. जवळ गेलो तर झाकणावर शेंदूर लावलेला, वर एक लिंबू, बाजूला फुटकं सूप. आमच्या ऑफिसची हिरवी टीनची पेटी, कुलपासकट, मोहाच्या झाडाखाली पुढच्या गावाकडे तोंड करून ठेवलेली. या भागात गावात रोगराई आली की देवीला टोपलीत बसवून असंच शिवेपार नेऊन ठेवतात. पुढचं गाव तिला आणखी पुढे नेतं. पुस्तकांची पेटी कुणी अशी बाहेर काढलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता आणि मी पेटी वाचनालयाचं काम पाहत असे. पेटी वाचनालय म्हणजे गावोगाव फिरणारी लायब्ररी. एका पेटीत चाळीसेक पुस्तकं. महिनाभर एका गावात, मग दुसऱ्या. पेट्या फिरवायच्या, स्टॉक तपासायचा आणि वाचकांची मतं लिहून आणायची, हे माझं काम. नव्या पुस्तकांवर काय बोललं जातं ते साहेबांना हवं असे.

हे सांगायचं कारण सुभद्राबाई. त्या यंदा पौषात सावली गावी वारल्या. तेराव्याला मी कोपऱ्यात बसून होतो. तिथे कुणीतरी हा किस्सा चमत्कार म्हणून सांगितला. बाईंना चमत्काराचं भारी वावडं होतं. म्हणून जे घडलं तेवढं लिहितो आहे. सुचेल तसं, सावकाश.

त्या वर्षी ऑफिसने 'धुक्यातले मांत्रिक' नावाची मालिका घेतली होती. पाच भाग, मोठ्या मुलांसाठी. तळ्याखालच्या किल्ल्यात राहणारे तीन मांत्रिक भाऊ आणि त्यांच्याकडे शिकायला आलेली एक अनाथ मुलगी, अशी ती गोष्ट. मतं भरपूर आली. वरोऱ्याच्या एका आडत्याने ती रिकामटेकड्यांची करमणूक ठरवली आणि तीन भाग स्वतःच नेऊन वाचले. एका मास्तरांना काळजी होती की मुलं पाढे सोडून मंत्र पाठ करतील. सावलीच्या एका बाईंचं मत मला फार आवडलं होतं. मधला मांत्रिक स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतो, तेव्हा तो अगदीच वाईट नसणार, असं त्या म्हणाल्या होत्या.

जास्त गावांना नवं पुस्तक मिळावं म्हणून ऑफिस एका पेटीत एकच भाग टाकत असे. कागदावर हे ठीक दिसायचं.

पिंपळटोल्याच्या पेटीत तिसरा भाग होता; पहिले दोन आधीच्या पेट्यांतून येऊन गेले होते. वैनगंगेच्या काठचं हे लहानसं गाव. मासेमारी, थोडी धानाची शेती, उरलेले दिवस मजुरी. गावात शाळा नव्हती. सुभद्राबाई तिथे आमच्याच ऑफिसतर्फे प्रौढांचा वर्ग चालवत. त्या वर्ध्याकडच्या. तरुणपणीच नवरा गेलेला. गावाच्या टोकाला एकट्या राहत. पेटी त्यांच्याकडेच असे. लोकांना वाचता येत नव्हतं तोवर त्या पुस्तक मोठ्याने वाचून दाखवत आणि सगळं गाव ऐकायला बसे.

त्या दिवशी मी गावात शिरलो तर कुणी रामराम घेतला नाही. दारातल्या बाया आत गेल्या. एरवी सायकलमागे धावणारी कुत्रीही कुणी बांधून ठेवली होती. बाईंचं दार आतून लावलेलं. माझा आवाज ओळखून त्यांनी ते उघडलं. घरात पाणी नव्हतं. विहिरीवर त्यांना कुणी दोर देत नव्हतं.

त्यांनी शांतपणे सांगितलं. तिसरा भाग जिथे संपतो तिथे थोरला मांत्रिक एका नावाड्याच्या पोरीचा श्वास मडक्यात बंद करतो. बाईंनी ते वाचून पुस्तक मिटलं. पुढच्याच सकाळी बाईंच्या वर्गात येणाऱ्या दशरथभाऊंची नात चंद्री हुडहुडी भरून पडली. मग ताप. पुस्तकातल्या पोरीलाही आधी हुडहुडीच भरते.

"लोक म्हणतात, पुस्तक काही बोलत नाही," बाई म्हणाल्या. "तोंड माझं होतं."

एवढ्यात अंगणात माणसं जमली. पुढे चंद्रीचा बाप शंकर, खांद्यावर कुऱ्हाड. तिकडे खांद्यावर कुऱ्हाड असणं म्हणजे काही विशेष नाही. त्या दिवशी मात्र मी तिच्याकडेच पाहत होतो.

शंकर म्हणाला, "का जी भाऊ, अर्धीच गोष्ट गावात सोडून गेले काऊन?"

मी समजावून सांगितलं की चौथा भाग नदीपलीकडच्या गावाच्या पेटीत आहे. ऑफिसची पद्धतच तशी आहे.

"मंग त्या गावानं तो दाबून ठेवला का?"

त्या गावाला मागचे भाग मिळाले नव्हते, त्यामुळे चौथ्यातलं त्यांना काही कळतच नव्हतं. ही तक्रारही माझ्याकडे आली होती. मी ते सांगितलं. कुणी हसलं नाही. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "पुस्तक तुमचं, ताप आमचा. बरी वाटनी केली जी."

मग मागून एका बाईने हळूच एक शब्द उच्चारला. दात. करणी करणाऱ्याचा संशय आला तर त्याचे पुढचे दात पाडायचे, म्हणजे त्याला मंत्र धड म्हणता येत नाही, असं मी या भागात ऐकलं होतं. बाईंनीही तो शब्द ऐकला. त्यांनी ओठ मिटून घेतले. मुद्दाम नव्हे, आपोआप.

तेव्हा दशरथभाऊ पुढे आले. म्हातारा, काटक माणूस. बाईंच्या वर्गातला सगळ्यात मोठा विद्यार्थी. ओळीखाली बोट धरून, अक्षर-अक्षर लावत वाचायचे.

"भाऊले जाऊ द्या," ते म्हणाले. "चौथा भाग येऊ द्या. ज्या तोंडानं उघडलं त्याच तोंडानं बंद व्हावं. तवरक बाईले कोनी हात लावू नका."

मी चंद्रीला पाहिलं. पाच-सहा वर्षांची असेल. डोळे अर्धे मिटलेले, अंग निखाऱ्यासारखं. हिवताप हे उघड होतं. सावलीच्या डिस्पेन्सरीतून गोळ्या आणतो म्हटलं तर शंकर म्हणाला, आधी ती करणी उतरवा, मग औषध. आधी औषध दिलं तर आत कोंडलेला श्वास भडकेल. शंकर खरंच घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालणं फार कठीण.

नदी ओलांडून मी पलीकडे गेलो. चौथा भाग जवळपास कोराच होता, पहिल्या काही पानांपुढे कुणी गेलंच नव्हतं. येताना सावलीला गोळ्या घेतल्या. कंपाउंडर म्हणाला, "ताप डोक्यात गेला तर हाती काही राहायचं नाही, लवकर द्या." सायकल हाणताना मला त्याहून मोठी धास्ती होती. मालिकेतले सगळे भाग मी वाचलेले होते. चौथ्या भागात काय आहे हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बाईंकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं.

"पोरगी उठते का?"

मी मान हलवली. पुस्तकातलं मडकं तळ्यात फुटतं. श्वास पाण्यात विरून जातो. पोरगी उठत नाही. पुढचा सगळा भाग त्या दुःखावरच उभा आहे. लेखकाने तो सुंदर लिहिला आहे.

बाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं. वाचायला नकार द्या, मी तुम्हाला सायकलवरून सावलीला नेतो, असं मी म्हणालो. "आणि ती पोरगी?" त्या म्हणाल्या. मग केस नीट बांधून उठल्या.

वाचन मोहाखाली, पेटीपाशी झालं. सगळं गाव गोल बसलेलं. चंद्रीला खाटेवर आणलं होतं. बाई पुस्तक उघडणार तोच शंकर उभा राहिला.

"बाईनं काई दुसराच मंतर म्हनला तं? कोन पाहीन?"

गावात बाईंखेरीज वाचता येणारा एकच माणूस होता. दशरथभाऊ येऊन बाईंच्या शेजारी बसले आणि नेहमीच्या सवयीने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आता मला करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

पहिली पानं त्यांनी जशीच्या तशी वाचली. धुकं, तळं, मांडीवर मडकं घेऊन बसलेला थोरला मांत्रिक. त्या सावकाश वाचत होत्या. त्यांच्या आवाजामागून बोट सरकत होतं. मग त्यांनी ते पान उलटलं.

आवाज कुठे अडखळला नाही. त्या वाचत राहिल्या की थोरल्याने मडक्याचं तोंड सूर्याकडे केलं, चिंधी सोडली, आणि श्वास आला तसा परत गेला, तळ्यावरून, नावेवरून, झोपडीच्या दारातून. पोरीने डोळे उघडले आणि पेज मागितली. यातलं एक अक्षरही छापलेलं नव्हतं.

मी बोटाकडे पाहत होतो. ते ओळीच्या मध्यावर थांबलं. बाई पुढे गेल्या, बोट तिथेच. दशरथभाऊंचे ओठ हलत होते. अक्षर लावत होते. मग ओठही थांबले. त्यांनी खाटेकडे पाहिलं. शंकरची नजर बापावर खिळलेली होती.

बोट पुन्हा हललं. सावकाश, पानाच्या तळापर्यंत गेलं.

बाईंनी पुस्तक मिटलं. शंकरने विचारलं, "बावा, लिवलं हाय तेच वाचलं का बाईनं?"

"तेच वाचलं," दशरथभाऊ म्हणाले. "मी पाह्यलं ना."

मग त्यांनी घरून जाळं विणायची सुई आणि सुतळी मागवली. पुस्तक पायाखाली दाबून त्यांनी ती पानं आरपार, घट्ट शिवली, जाळं शिवावं तशी. म्हणाले, "श्वास भायेर निंगाला. आता हे कोनी उघडू नका." मग माझ्याकडे हात केला. "द्या जी तुमच्या गोया."

चंद्री लगेच उठली नाही. दोन वेळा ताप पुन्हा चढला आणि त्या प्रत्येक वेळी गावाच्या नजरा बाईंच्या दाराकडे वळल्या. मी टूर मोडून तिथेच राहिलो. गोळ्या माझ्या हाताने दिल्या. ताप उतरला, आणि एका दुपारी ती खरंच पेज मागू लागली. त्या दिवशी विहिरीवर बाईंना कुणीतरी दोर दिला. पेटी आत आली. लिंबू मात्र कुणी काढलं नाही, ते सुकून आपोआप पडलं.

ऑफिसात साहेबांनी शिवलेलं पुस्तक दोन बोटांत धरून टेबलावर ठेवलं.

"हे काय आहे?"

"वाचकांचं मत आहे, साहेब."

"मत आहे की नासधूस आहे?"

मी सगळं सांगितलं. टाके उसवून प्रत पुन्हा इश्यू करा, असं साहेब म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पुस्तक कपाटात ठेवलं आणि बाईंची बदली सावलीला केली. बाई जायला तयार नव्हत्या. गेल्या. पुढे आयुष्यभर तिथेच शिकवलं.

पिंपळटोल्याला मी पुन्हा गेलो तेव्हा दशरथभाऊ बांधावर जाळं दुरुस्त करत होते. चंद्री शेजारी खेळत होती. मी विचारलं, "भाऊ, त्या पानावर काय लिहिलं होतं ते तुम्ही वाचलं होतं ना?"

त्यांनी सुई ओढून घेतली, गाठ मारली.

"त्या पुस्तकवाल्यानं माही चंद्री पाह्यली होती का जी?" ते म्हणाले. "बाईनं पाह्यली होती."

बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या चष्मा पुसत राहिल्या. आता सांगायलाही त्या नाहीत.

रिपोर्टमध्ये मी एवढंच लिहिलं: चौथ्या भागाचा शेवट पिंपळटोल्याच्या वाचकांना पटला नाही. आणि खाली शिफारस केली की मालिकेचे सगळे भाग एकाच पेटीत ठेवावेत. ती मंजूर झाली. कारणाच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं, वाचकांची सोय.