वडीगोद्रीच्या केबलवरची नवरी

मीना लग्न होऊन वडीगोद्रीत आली, तेव्हा पहिले काही आठवडे तिला नवऱ्याचा आवाजसुद्धा नीट ओळखू येत नव्हता. अंगदचं हायवेवर ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान. सकाळी जायचा, अंधार पडल्यावर यायचा. घर दोन खोल्यांचं आणि माणसं भरपूर. दिवसाउजेडी नवराबायकोनं एकमेकांशी बोलणं सासऱ्यांना, म्हणजे बद्रीनाथमामांना, खपत नसे. तहान लागली तरी अंगद आईकडे बघून म्हणायचा, "पानी दे म्हनावं." कोणाला म्हणायचं, ते सगळ्यांना कळायचं. मीना मुकाट्यानं तांब्या ठेवून आत जायची.

ती अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली, बडबडी पोर. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिच्या हातातून माइक काढून घ्यावा लागायचा. इथं बोलायला म्हशीशिवाय कोणी नव्हतं.

त्या सुमारास गावात केबल नवी नवी आली होती. अंगदच्या दुकानाशेजारी देवानंदनं डिश बसवून घरोघर वायर ओढली होती. लग्नाचं शूटिंग करायचा व्हिडिओ कॅमेराही त्याच्याकडे होता. एके दिवशी त्याच्या मनानं घेतलं की आपल्या केबलवर आपल्याच गावची मालिका दाखवायची. गोष्ट साधी. गावाकडचं नवं जोडपं जालन्यात भाड्याच्या दीड खोलीत राहायला जातं आणि दर भागात त्यांची एक फजिती होते. नाव ठेवलं 'दीड खोलीचा संसार'. नवरा व्हायला पोरं तर हात धुऊन मागे लागली. पण नवरी व्हायला आपली पोरगी कोण देणार?

देवानंद सरळ बद्रीनाथमामांपुढे येऊन बसला.

"तात्या, खरेच नवराबायको घेतले तर कोनी काय बोलंल? अंगद अन् वहिनीला द्या."

मामांनी "बिलकुल" एवढं म्हटलं होतं, "न्हाई" अजून ओठांवर होतं, तोच सासूबाई मध्ये पडल्या. साळूबाईंना टीव्हीचं भारी वेड.

"मी संगं बसंन," त्या म्हणाल्या. "मंग काय हरकत हाय?"

देवानंदनं तेवढ्यात मामांचे पाय धरून होकार पदरात पाडून घेतला. दाराआड उभ्या असलेल्या मीनाला आनंद व्हावा की भीती वाटावी, कळेना.

शूटिंग देवानंदच्या दुकानामागच्या खोलीत झालं. एक खाट, एक स्टो, दोन कप. लिहिलेलं असं काही नव्हतंच. "चहात साखर कमी पडली, त्याच्यावरून भांडा," देवानंद म्हणाला, "बाकी तुमचं तुम्ही बोला." साळूबाई पदर सावरून कॅमेऱ्याच्या मागं बसल्या. अंगद फोटो स्टुडिओत बसल्यासारखा ताठ.

"चहा अगोड हाय," तो म्हणाला आणि थांबला.

देवानंदनं कॅमेऱ्याआडून हात हलवला.

"वहिनी, बोला की!"

अंगदनंच कसंबसं पुढं रेटलं. "कितीदा सांगितलं, साखर बराबर टाकत जा."

"कितीदा?" मीनाच्या तोंडून निघून गेलं. "एकदा तरी सांगितलं का? भाजी आवडली का न्हाई, दुकानात आज काय झालं, कधी एक शब्द बोललात? तुम्हाला चहा कसा लागतो, हे मला सासूबाईंना विचारावं लागतं!"

हे मालिकेतलं नव्हतं, हे सगळ्यांच्याच ध्यानात आलं. अंगदनं तिच्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून इतकं सरळ त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"मला लई गोड लागतो," तो हळूच म्हणाला. "तीन चमचे. पर घरात दोनच टाकतेत. आईला कसं सांगावं?"

मीनाला हसू आवरेना. मागून साळूबाईही खो खो हसत सुटल्या. देवानंदनं त्यांच्या हसण्यासकट सगळं तसंच ठेवलं आणि रविवारी केबलवर लावलं. गावभर त्या तीन चमच्यांचीच चर्चा.

मग दर आठवड्याला शूटिंग. जाता-येता साळूबाई मुद्दाम मागं रेंगाळायच्या आणि पुढं ही दोघं बोलत चालायची. अंगद बारावीत कसा नापास झाला, इंजिन उघडलं की त्याला जेवणाचंही भान कसं राहत नाही, मीनाला कॉलेजला जायचं होतं ते कसं राहून गेलं, हे सगळं त्या रस्त्यावर निघालं.

मालिका मात्र जेमतेम दीड महिना चालली. एका भागात मीनानं "ए अंगद!" अशी हाक मारली आणि दुसऱ्याच दिवशी मामांचे चुलतभाऊ कडूबा तरातरा घरी आले. "सून टीव्हीवर नवऱ्याला नावानं बोलावती! सोयऱ्याधायऱ्यांत तोंड कसं दाखवावं?" मामा तडक उठले आणि देवानंदला सांगून आले, बास झालं. पुढं लग्नसराई आली. कोऱ्या कॅसेटा महाग म्हणून देवानंदनं त्याच कॅसेटांवर लोकांची लग्नं घेतली.

मालिका बंद झाली तेव्हा मीना दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी जेवताना अंगद सवयीनं आईला म्हणाला, "पानी दे म्हनावं." मामांच्या ताटात भाकरी वाढून मीना तांब्या घेऊन तिथंच उभी राहिली. डोक्यावर पदर होता, पण मान खाली नव्हती.

"मामा, टीव्हीवरचं तुम्ही बंद केलं. मी काही बोलले न्हाई. पण घरातलं बोलणं बंद करू नका. एका घरात राहून आम्ही परके झालो, तर त्यात कोणाचा मान राहणार हाय?"

अंगद ताटाकडे बघत होता. बोलल्या त्या साळूबाई, अगदी हळू.

"माझा जल्म 'म्हनावं, म्हनावं' ऐकन्यात गेला. तुमी मला कधी नावानं हाक मारली न्हाई. मारली असती तर मला आवडलं असतं."

मामांनी कसंबसं जेवण उरकलं, हात धुतले. बाहेर जाता जाता उंबऱ्यात थांबले.

"अंगद, पानी पाहिजे तर तिलाच माग. तांब्या तिच्याच हातात हाय."

त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. साळूबाई नाहीत. मीना नवऱ्याबरोबर दुकानात बसते. ट्रॅक्टरवाले तिला मीनाताई म्हणतात आणि किमतीत घासाघीस करताना तिला जरा दबकून असतात. मुलगी आकांक्षा जालन्यात शिकते. जालन्याच्या एका हौशी नाटक मंडळाला न्यायाधीश बाईच्या भूमिकेसाठी दणदणीत आवाजाची बाई हवी होती. आकांक्षानं आईला न विचारताच तिचं नाव देऊन टाकलं. मीना आधी चिडली, मग दुसऱ्याच दिवशी नवी साडी नेसून एसटीत बसली. भूमिका तिलाच मिळाली.

आता तालमीच्या दिवशी सासरे सकाळपासून घाई करतात. "तिला जल्दी सोड रे, गाडी चुकंल." नाटक पुढच्या महिन्यात आहे. ऐकू कमी येतं म्हणून मामांनी आत्तापासूनच पहिल्या रांगेतली खुर्ची मागून ठेवली आहे.

परवा दुपारी एक शेतकरी ऑइल फिल्टर घ्यायला आला आणि दारातच थबकला. काउंटरमागं मीना उभी होती, बोट रोखून गरजत होती, "आरोपी, खरं बोला! या कोर्टाला फसवता येणार नाही!" समोर आरोपी झालेला अंगद, डोळ्यांवर चष्मा, हातात संहितेचे कागद.

"बसा, बसा," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. "एवढा निकाल लागू द्या, मंग फिल्टर देतो."

"तुम्ही मधली ओळ खाल्ली," मीना म्हणाली. "पुन्हा घ्या."

शेतकरी स्टूल ओढून बसला.