वरच्या मजल्यावरचं एगनॉग

पाहुणे येऊन गेले की मोरीत भांडी साचतात ना, तसे हे किस्से साचलेत. एक घासायला घ्यावं तर खालून दुसरं खडखडतं. आता मी रिटायर झाले, कंबर धरते, जुनं उकरायचा कंटाळा येतो. पण मंदाच्या एगनॉगचं कोणी विचारलं की बसून सांगावंच लागतं. भांडी तरी सगळी माझीच होती!

मंदा आमच्या अमरावतीच्या शाळेत माझ्यासोबत शिकवायची आणि राहायची आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर. तिचा निखिल कॅनडाला गेला. पहिल्याच नाताळात त्याचे रूममेट आपापल्या घरी गेले, हा एकटा उरला. फोनवर म्हणाला, "आई, इथे सगळे एगनॉग पितात. दूध, अंडी, साखर, वरून जायफळ आणि थोडी रम. तू तिकडे कर, मी इकडे करतो. सोबत पिऊ."

पण मंदाच्या घरात अंडं चालत नाही. तिचे यजमान भाऊसाहेब, तिवस्याकडे संत्र्याची बाग असलेले, नियमांचे कडक. अंडं उंबऱ्याच्या आत नाही, आणि अंड्याला हात लावलेला माणूसही आंघोळीशिवाय आत नाही! निखिल बाग सोडून परदेशी गेला म्हणून त्याच्याशी बोलणंही बंद. मग अंडी कुठे? वर, माझ्या स्वयंपाकघरात. मंदाला त्या एगनॉगचं काय पडलं होतं हो! तिला एवढंच हवं होतं की बापलेकांनी एकदा बोलावं.

*

पहिल्या वर्षी आम्ही तिघी होतो. तिसरी उषा, अकोल्याच्या जुन्या शहरातून रोज अप-डाऊन करून शाळेत येणारी. निखिलने सांगितलं होतं, अंडी फेटा आणि दूध घाला. आता दूध उकळल्याशिवाय आमच्या जिवाला चैन पडते का? मी साय धरेपर्यंत उकळलं, आणि उषाने त्या उकळत्या दुधात अंडी फोडली.

गोड भुर्जी झाली!

"आई, ग्लास दाखव ना!" निखिल व्हिडिओवर मग धरून बसलेला. मंदाने पातेलंच दाखवलं.

"फेकू नका व माय," उषा म्हणाली, "पोळीसंगं लागते चांगलं."

आणि खाल्लं आम्ही, पोळीसोबत. मंदा माझ्या न्हाणीत आंघोळ करून ऐन थंडीत ओल्या केसांनी खाली गेली. रम? ती आणायचीच राहिली होती.

*

पुढच्या वर्षी रम आणायचं काम आमच्या ह्यांच्यावर आलं. हे हेडमास्तर होते, म्हणजे अर्ध्या गावाचे सर. तोंडाला मफलर गुंडाळून गेले. दुकानातला पोरगा काउंटर सोडून बाहेर आला आणि ह्यांच्या पाया पडला!

"सर, तुमी कायले लाईनीत उभे? कोणती देऊ तेवढं सांगा!"

मागची सगळी लाईनही विद्यार्थ्यांचीच. "नमस्ते सर! नमस्ते सर!"

हे घाबरून म्हणाले, "सोडा दे." ती सोड्याची बाटली अजून आमच्या कपाटात आहे. फेकूही देत नाहीत.

*

मग उषा म्हणाली, "सरायच्या भरवशावर राह्यलं तं झालं आपलं!" तिचा भाऊ परतवाड्याला. त्याच्याकडून तिने पाण्याच्या बाटलीत मोहाची आणली. रमच्या ऐवजी हीच, म्हणे. मी बूच काढलं मात्र, वास जिना उतरून पार खाली!

खालून भाऊसाहेबांची हाक आली, "शोभाबाई, गॅस लीक होऊन राह्यला का व तुमच्या घरी?" आणि उत्तराची वाट न बघता त्या भल्या माणसाने अख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच बंद केला.

अंधारात आम्ही तिघी, हातात ग्लास. फोनवर निखिल विचारतोय, "आई, तू आहेस ना?"

"हाओ बापा, आहो ना! दिसून नाही राह्यलो, एवढंच," मंदा म्हणाली.

*

त्याच्या पुढच्या वर्षी सगळं जमून आलं. दूध थंड, अंडी फेसाळ, रमही उषाच्या भावाने रीतसर आणून दिली. फक्त जायफळ. निखिलने चिमूटभर म्हटलं होतं, पण आमच्या हाताला बाळगुटीची सवय. सहाणेवर उगाळायला बसलो आणि गप्पांच्या नादात अख्खं जायफळ उगाळून टाकलं. वर रम! निखिलचा फोन यायच्या आधी चव म्हणून एकेक घोट घेतला, मग दुसरा घेतला, आणि तिघी सोफ्यावरच झोपलो.

पुढचं निखिलकडून कळलं. फोन वाजत राहिला. मंदा जेवायला का आली नाही म्हणून भाऊसाहेब वर आले असणार. फोन त्यांनीच उचलला. बोलले नाहीत, चकार शब्द नाही! नुसता फोन फिरवून त्यांनी पोराला झोपलेली आई दाखवली, आणि खाली ठेवून दिला.

"काकू," निखिल मला म्हणाला, "बाबांचा फक्त अंगठा दिसला. किती म्हातारा झालाय हो तो अंगठा."

मंदाला मी हे सांगितलं तेव्हा ती रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

*

यंदा निखिल येणार होता. तिकीट काढलं होतं. भाऊसाहेबांनी बागेतली चांगली संत्री बाजूला काढून ठेवली होती. आणि ऐन वेळी त्याची सुट्टी रद्द झाली.

संध्याकाळी मंदा माझ्याकडे आली, पण रिकाम्या हातांनी. अंडी नाही, दूध नाही. "मले नाही जमत व आता, शोभा. थकली मी." उषाने काढलेलं पातेलं परत ठेवून दिलं. व्हिडिओवर निखिल सॉरी, सॉरी करतोय आणि मंदा खिडकीकडे तोंड करून बसलेली.

बेल वाजली. दारात भाऊसाहेब! हातात वर्तमानपत्राचा पुडा, अंगापासून लांब धरलेला.

"शोभाबाई, न्हाणीत पाणी ठेवा तापत. मले आंघोळ करून खाली जा लागते."

मंदाने पुडा उघडला. अंडी. सोललेली, अर्धी चिरलेली, वर मीठ, तिखट आणि बारीक कांदा. कोपऱ्यावरच्या गाडीवरून आणलेली.

"अहो, हे तं उकडलेले हायेत!" मंदा म्हणाली. "एगनॉगले कच्चे लागतात!"

भाऊसाहेबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. टेबलावरचा फोन उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि पोरावर खेकसले,

"काहून रे, कच्चे अंडे पेतं तू? एवढ्या थंडीत?"