वापरकर्त्याची चूक

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाला त्याच्या ऑफिसात सगळे रूटराव म्हणतात. लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीत 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी. तुमच्याआमच्यासारख्याला यंत्र दहा प्रश्न विचारतं, परवानगी आहे का म्हणतं. रूटला काही विचारत नाही. रूट म्हणाला भिंत पाड, की पाडली. एवढी सत्ता आमच्या मेहुण्याच्या हाती आहे, आणि स्वतःच्या घरी त्याला टीव्हीचा रिमोट मिळत नाही.

वय एक्केचाळीस. अंगाने किरकोळ, पण कीबोर्डवर बोटं आपटतो ती पहिलवानासारखी. माउसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटतं. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, एंटर मारायचा आणि खुर्चीत मागे रेलून उरलेल्या जगाकडे दयेने बघायचं, एवढाच त्याचा व्यायाम. आमच्याकडे आला की माझा लॅपटॉप उघडून म्हणतो, "दाजी, काय हे वापरता तुम्ही!" एकदा मी अंघोळीला गेलो तेवढ्यात त्यात लिनक्स घालून मोकळा झाला. लॅपटॉप झकास पळू लागला, फक्त प्रिंटर गेला. "ती प्रिंटरची चूक आहे," तो म्हणाला. कुठलीही चूक कोणाची तरी असतेच, हे त्याचं तत्त्व. ते कोणी तरी म्हणजे आपण नव्हे, हा त्याचा आजवरचा अनुभव होता.

त्यांची कंपनी दवाखान्यांतल्या तपासणी यंत्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात, झेरॉक्स मशीनच्या शेजारी, मॅनुअलताई बसतात. यंत्राबरोबर जी जाडजूड माहितीपुस्तिका येते, जी कोणी वाचत नाही आणि यंत्र बंद पडलं की सगळे शोधतात, ती या ताई तयार करतात. बावीस वर्षं तेच काम. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक बटण, प्रत्येक दिवा यांचं चित्र, आणि त्यावर बारीक आकडे: एक म्हणजे हे, दोन म्हणजे ते. चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर शोधणं ही त्यांची जुनी सवय, आणि त्यावरून त्यांची थट्टा करणं ही ऑफिसची.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या डिस्कवरची जागा संपली. रूटरावांनी त्यांचं चित्रांचं फोल्डर उचललं आणि दुसऱ्या एका डिस्कवर ठेवलं. ही दुसरी डिस्क म्हणजे ऑफिसची अडगळीची खोली. तात्पुरतं काय ते तिथे टाकायचं, तिचा बॅकअप कोणी घेत नाही. जुन्या जागी त्याने एक दुवा ठेवला. ताईंनी आपलं नेहमीचं फोल्डर उघडलं की तो दुवा त्यांना गुपचूप अडगळीत नेणार, त्यांना पत्ताही लागणार नाही. "दोनच दिवसांसाठी," असं तो स्वतःला म्हणाला. या खात्यात दोन दिवस म्हणजे किती, हे विचारायचं नसतं. तो विसरला.

यंदा साहेबांनी फर्मावलं की अडगळ साफ करा. या साहेबांना डॅशबोर्डसाहेब म्हणतात, कारण त्यांना जगात फक्त हिरवे आणि लाल चौकोन दिसतात. अडगळीचा चौकोन लाल झाला होता. रूटरावांनी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: तीस दिवसांत ज्या फाइलला कोणी हात लावला नाही ती उडवायची, दर शुक्रवारी दुपारी, लोक जेवायला गेले की. उडवण्याआधी नुसती यादी काढून बघावी, हा नियम तो नव्या माणसांना घसा कोरडा पडेपर्यंत शिकवतो. त्याने यादी काढलीसुद्धा. अकरा हजार ओळी आल्या. त्याने वरच्या वीस बघितल्या, खालच्या वीस बघितल्या, मधल्याही तशाच असणार म्हणून सोडून दिल्या, स्क्रिप्ट चालू केली आणि जेवणाचा डबा उघडला.

त्या मधल्या ओळींत मॅनुअलताईंची तीन हजार आठशे चित्रं होती.

आता योगायोग असा, की त्याच शुक्रवारी सकाळी ताई आपले जुने कच्चे मसुदे स्वतः पुसत बसल्या होत्या. दुपारी जेवून आल्या, फोल्डर उघडलं, तर आत चाळीसएक चित्रं शिल्लक. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आपलाच हात घसरला, दुसरं काय!

त्यांनी तिकीट टाकलं, म्हणजे संगणकावर तक्रार नोंदवली. या ऑफिसात तोंडाने काही सांगत नाहीत, तिकीट टाकतात. दिवा गेला, तिकीट. खुर्ची करकरते, तिकीट. तिकिटांची यंत्रणा बंद पडली तेव्हा एकाने त्याचंही तिकीट टाकायचा प्रयत्न केला होता. ताईंनी लिहिलं, 'माझ्या हातून चुकून चित्रं पुसली गेली. बॅकअपमधून मिळतील का? त्रासाबद्दल क्षमस्व.'

रूटरावांनी फोल्डरची यादी मागितली. नावापुढे एक छोटा बाण आला, दुव्याची खूण, आणि बाणापुढे अडगळीचा पत्ता. त्याने तारखा बघितल्या. राहिलेली चित्रं सगळी तीस दिवसांच्या आतली होती. घसरलेला हात तारखा बघून पुसत नाही.

त्याने दोन तास खटपट केली. काही परत येईना. तिकिटाचा चौकोन पिवळा झाला, लाल होणार होता. त्याने उत्तर लिहिलं, 'बॅकअप उपलब्ध नाही.' तिकीट बंद करताना कारण निवडावं लागतं. यादीत सात कारणं: यंत्रातला बिघाड, नेटवर्क, वीज, बाहेरचा पुरवठादार, दुबार तिकीट, अज्ञात, आणि सगळ्यांत वर, वापरकर्त्याची चूक. ही यादी पूर्वी त्यानेच बनवली होती. त्याने सगळ्यांत वरचं निवडलं. बाईंनी स्वतःच तर तसं लिहिलं होतं!

तिकीट बंद झालं की यंत्रणा आपोआप विचारते, सेवा कशी वाटली? ताईंनी पाच तारे दिले. खाली लिहिलं, 'तत्पर आणि सौजन्यपूर्ण. धन्यवाद रूटराव.' त्या पाच ताऱ्यांनी महिन्याची सरासरी वर गेली आणि सोमवारी लिफ्टसमोरच्या मोठ्या पडद्यावर रूटरावांचा फोटो झळकला. तो जिन्याने जाऊ लागला.

हे सगळं मला त्यानंतरच्या रविवारी सकाळी कळलं. तो आला आणि माझ्या लॅपटॉपला नावं न ठेवता बसला, तेव्हाच मी ओळखलं की कुठेतरी पाणी मुरतंय. बायको आत कपड्यांच्या घड्या करत होती. आम्ही गॅलरीत बसलो.

"दाजी, एक विचारू? म्हणजे समजा, एखाद्याने…"

"तू काय केलंस ते सांग."

त्याने सांगितलं. मग म्हणाला, "खरी गोष्ट पुढेच आहे. ताई डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डोळे ठीक निघाले. आता स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे जाणार आहेत. त्यांच्या मोठ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं म्हणे, साध्या साध्या गोष्टींतून. आता ती ताईंना ओळखत नाही."

मी खुर्ची जवळ ओढली.

"टेबलभर पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात. 'सेव्ह केलं का?' 'पुन्हा बघ.' एक फाइल उघडायची तर तीनदा नाव वाचतात. आणि परवा त्यांनी नवीन तिकीट टाकलं. 'माझा फाइल पुसण्याचा अधिकार कृपया काढून घ्यावा.' साहेबांनी मंजूर केलं. उद्या दुपारी बाराच्या आत करायचंय. माझ्याकडेच आलंय."

"मग काढ की. पुसणार नाहीत, सुरक्षित राहतील."

"दाजी, लिनक्समध्ये तसं नसतं हो! फोल्डरमधून पुसायचा अधिकार काढला की त्यात नवीन फाइल ठेवायचा अधिकारही जातो. दोन्ही एकच आहेत. म्हणजे त्यांचं कामच संपलं. साहेबांना सांगितलं, तर म्हणतात, हरकत नाही, त्यांना खाली पाहुण्यांच्या नोंदणीवर बसवू."

आता जे मी केलं ते सांगतो. मला विनोद सुचतात, सल्ले सुचत नाहीत, हे त्याला माहीत असायला हवं होतं. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "हे बघ, झालं ते झालं. चित्रं काही परत येणार नाहीत. तू कबूल केलंस तर तुझ्या अंगाशी येईल, नोकरीही जाईल. हळूच तो अधिकाराचा मामला कसातरी टोलव, आणि बाकी मूग गिळून बस." वर एक विनोदही केला, की एवीतेवी मॅनुअल वाचतो कोण. तो हसला नाही. मी मात्र हसलो. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

दारात बायको उभी होती. हातात अर्धवट घडी घातलेला माझाच सदरा.

"दोघं मिळून एका बाईला वेडी ठरवताय?"

"अक्का, तसं नाही गं…"

"मग कसं? सांग ना! लहानपणी फुलदाणी फोडलीस आणि शेजारच्यांच्या मांजरीवर ढकललंस, तेव्हा मी गप्प बसले होते. मांजरीला काय, ती डॉक्टरकडे जात नव्हती!" मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही! वडीलधारे म्हणून विचारायला आला पोरगा."

एक्केचाळीस वर्षांच्या पोरग्याने मान खाली घातली. माझी आधीच खाली होती.

सोमवारी सकाळी त्याने ते बंद केलेलं तिकीट पुन्हा उघडलं. घडलं ते सगळं लिहिलं: दुवा, अडगळ, स्क्रिप्ट, वरच्या वीस आणि खालच्या वीस ओळी. मग कारण बदलायला गेला, तर यादीत हवं ते कारणच नाही. बिघाड होता, वीज होती, पुरवठादार होता. आपण कुठेच नव्हतो. त्याने आधी यादीत आठवी ओळ घातली, 'आमच्या विभागाची चूक'. मग ती खोडून 'माझी चूक' लिहिलं. ती निवडली, साहेबांना प्रत पाठवली आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे निघाला.

ताई एका चित्राचं नाव बोटाने पडद्यावर टेकून वाचत होत्या.

"या रूटराव! झालं का माझं तिकीट? तुम्हाला उगीच कामाला लावलं."

"ताई, ती चित्रं तुम्ही नाही पुसलीत. मी पुसली."

त्यांना वाटलं, हा समजूत काढतोय. "असू दे हो. तुम्ही चांगले आहात म्हणून…"

"मी चांगला नाही." त्याने शेजारची खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. तारखा दाखवल्या. बाण दाखवला. ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"अगदी ठिकाणावर आहे."

"आणि तुला हे कधी कळलं?"

तुम्हीचं तू झालं होतं. रूटरावांच्या ते ध्यानात आलं.

"त्याच दिवशी. दुपारी साडेतीनला."

झेरॉक्स मशीन कोणाची तरी पानं ओकत होतं. त्या ते थांबेपर्यंत थांबल्या.

"दहा दिवस," त्या म्हणाल्या. "दहा दिवस मी गॅसला हात लावला नाही. किल्ल्या नवऱ्याकडे देऊन टाकल्या. गाडी चालवायची सोडली. लेकीला बसवून सांगितलं, की पुढे मी तुला ओळखलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. ती रडली, मी रडले. आणि तू साडेतीनला…" मग एकदम म्हणाल्या, "चित्रं गेली त्याचं काही नाही रे. चित्रं मी पुन्हा काढीन. ह्याचं काय करू?"



"ते अधिकाराचं तिकीट मी रद्द करतो," तो कसाबसा म्हणाला आणि उठू लागला.

"बस खाली. जायचं नाही."

त्यांनी स्वतःचं कच्च्या मसुद्यांचं फोल्डर उघडलं. एका मसुद्याचं नाव वाचलं, एकदाच. बोट बटणावर नेलं. ते बटणाच्या वरच अडून राहिलं, हे त्याने मला नंतर दोनदा सांगितलं. यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं? ताईंनी 'हो' दाबलं. फोल्डर नीट पाहिलं. गेला तो एकच गेला होता. मग दुसरा पुसला. मग तिसरा. रूटराव शेजारी बसून, बारा वाजून गेले तरी, एका बाईला फाइली पुसताना बघत राहिला. सतराव्या मसुद्याला बोट अडलं नाही.

त्यांनी एकेक करून पिवळ्या चिठ्ठ्या उपटल्या आणि टोपलीत टाकल्या.

साहेबांनी त्याचे सर्वाधिकार सहा महिन्यांसाठी काढून घेतले. नोकरी राहिली. सध्या तो रोज दुपारी दोन तास ताईंच्या शेजारी बसून, माउस हातात धरून, चित्रांवर आकडे घालतो: एक म्हणजे हे, दोन म्हणजे ते. ताई कामापुरतं बोलतात, चुकलं की जोरात बोलतात.

मध्यंतरी एकदा त्याने धीर करून विचारलं, "ताई, मला माफ केलंत का?"

त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. म्हणाल्या, "तिकीट टाक. बघते."

त्याने खरंच टाकलं. माझ्याही वाट्याची माफी त्यात दोन ओळींत माग म्हटलं, तर म्हणाला, "दाजी, एका तिकिटात एकच माणूस." चार महिने झाले. ते तिकीट अजून उघडंच आहे.