कुपनांवर केलेली बचत

शेजारच्या देशाने फौजा घुसवून कुवेत गिळलं आणि अल खफजीतली आमची बँक बंद पडली. कुवेतची सरहद्द हाकेच्या अंतरावर. रोकड घेऊन गाडी कोण पाठवणार? मग कंपनीने पगाराऐवजी कुपनं वाटायला सुरुवात केली. जाड कागद, निळा शिक्का, कॅम्प बॉसची सही. ती फक्त आमच्या कामगार कॅम्पातल्या दुकानात चालत. दुकानदार श्रीवर्धनकडचा, आम्ही त्याला चाचा म्हणायचो.

कुपनं खाण्यापिण्यासाठी होती, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. पण आम्ही कोकणातली माणसं. पगार हातात पडला की आधी घरचा वाटा बाजूला. माझा रूममेट चिपळूणकडचा वेल्डर, वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. त्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. तो खुबूस रोटी आणि कोऱ्या चहावर दिवस काढायचा आणि कुपनांची गड्डी बॅगेच्या तळाशी ठेवायचा. लढाई संपली की याचे रियाल मिळतील, म्हणायचा. भटजीला दक्षिणाही कुपनांतच देणार का, असं मी चिडवायचो.

जानेवारीत एका दुपारी तोफा इतक्या जवळ आल्या की खोलीचे पत्रे थरथरायला लागले. बस उभी आहे, माणशी एकच बॅग, यल्ला, चला लवकर, असा हुकूम आला. दादा बॅग उचलून दुकानाकडे पळाला, मी शिव्या घालत मागे. चाचा पिकअपमध्ये सामान भरत होता. दादाने गड्डी पुढे करून रियाल मागितले. चाचाने गल्ला उघडून दाखवला. आत नुसती कुपनं.

"माझ्याकडं पण हेच हाय, भाऊ. पायजे तो माल घेऊन जा."

बसचा हॉर्न वाजतच होता. दादा फळ्यांवर नजर फिरवत उभा. ब्लेड, साबण, तांदूळ, डब्यातलं दूध. पुरुषांच्या कॅम्पातलं दुकान, लेकीला देण्याजोगं तिथे काय असणार? शेवटी त्याने दोन जाड ब्लँकेटं उचलली, बॅगेतले स्वतःचे कपडे जमिनीवर ओतले आणि ती आत कोंबली. महिनोन्‌महिने पोट मारून राखलेली सगळी गड्डी चाचाच्या हातात दिली. खलास.

बसने सरहद्दीपासून लांब दम्मामला नेऊन आम्हाला एका गोडाऊनमध्ये उतरवलं. खाली सिमेंट, दारातून बोचरा वारा. दादा अंगावरच्या एकुलत्या शर्टात कुडकुडत होता आणि ब्लँकेटांचं प्लास्टिक तसंच होतं. एक तरी उघड, मी ओरडलो.

"नको रे. वापरलेलं कसं देऊ तिला?"

मला त्याचा इतका राग आला, की तोंड फिरवून मी रडलो.