अर्ध्या इंचाचे भोक

पत्रेवाल्या मावशींना कुणी नमस्कार केला, की त्या आधी त्याच्या हातातल्या भांड्याकडे बघत, मग त्याच्याकडे. बादली असो की धान्याची कोठी, उलटी करायची, बोटाच्या पेराने वाजवायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा. "दोन पावसाळे निंगतीन." नाहीतर नुसते, "फेका." माझ्या बादलीला 'फेका' मिळाले. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. आवाजावरून पत्र्याची जाडी अशी ठरवता येत नाही, हे मी त्यांना उभ्याउभ्याच समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि बादलीच्या बुडातून बोट आरपार घातले.

बोथ हे तेलुगू मुलखातले, पण मराठी बोलणारे गाव. तिथल्या आठवडी बाजाराच्या कडेला त्यांचे दुकान होते. नवरा गेल्यावर ते बंद पडेल असे लोकांना वाटले होते. "त्याले तं मीच शिकवलं," असे मावशी म्हणत. खरेखोटे ठाऊक नाही; पण नवऱ्याच्या काळात बादल्या जरा गळत, असे जुने लोक सांगत.

माझी तिथल्या सरकारी शाळेत बदली झाली, तेव्हा पत्नीला आठवा महिना होता. अंगणातला पंचायतीचा नळ पहाटे तासभर चाले. बाकीचे पाणी कोपऱ्यावरच्या हातपंपाचे. डॉक्टरांनी तिला घागर उचलायला मनाई केली होती. यावर उपाय म्हणून मी एका बंद पडलेल्या जिनिंग गिरणीच्या लिलावातून जुनी लोखंडी टाकी आणली. ती ओट्यावर ठेवायची, पहाटे नळीने भरायची आणि भोक पाडून पाइप स्वयंपाकघरात न्यायचा. काम एका दिवसाचे. मला तीन आठवडे लागले, कारण मी आधी आराखडा काढला. आलेखाच्या कागदावर, तीन रंगांत, एकास दहा प्रमाणात. वर लिहिले, 'गृहजलवितरण योजना'. खाली सहीही केली. तोवर पाणी मी भरावे, ही बाब योजनेत कुठे बसत नव्हती.

अखेर एका रविवारी अर्ध्या इंचाच्या पाइपसाठी मी बरोबर अर्ध्या इंचाचे भोक पाडले. पाइप आत जाईना. पुन्हा मोजले. भोक अचूक होते. म्हणजे पाइप चुकीचा होता. दुकानातून दुसरा आणला. तोही चुकीचा निघाला. मग छिन्नी घेऊन भोक मोठे करायला गेलो आणि गंजका पत्रा बोटभर फाटला. पत्नीने मावशींना निरोप धाडला.

मावशी आल्या, वाकल्या, बघत राहिल्या.

"हे कोनं केलं?"

"मी."

"कायनं?"

"छिन्नीनं."

"मंग ठीक. मले वाटलं बैलानं शिंग मारलं."

मी आराखडा पुढे केला. त्यांनी तो चाचपून पाहिला, "कागद मस्त जाड हाये" म्हणाल्या आणि गुडघ्याखाली घेतला. मग पाइपचे तोंड माझ्या डोळ्यांपुढे धरले. "अर्धा इंच हे आतलं माप, मास्तर. पानी जाते तिथलं. वरून लोखंड हाये का नाही? नाव आतल्याचं असते, भोक बाहेरच्याले पाडा लागते." बीएस्सीची तीन वर्षे मला हे कुणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

माझी फट त्यांनी दोन्ही बाजूंनी सायकलच्या ट्यूबचे रबर आणि पत्र्याच्या चकत्या लावून, मधून बोल्ट आवळून बंद केली. नव्या भोकासाठी मोजमाप केलेच नाही. बुडापासून चार बोटे वर पाइपचे तोंड टेकवले आणि खिळ्याने भोवती गोल ओढला. आता त्या गोलावर टोचा धरून हातोडीने ठोकायचे होते. "आतून लाकूड धरा लागते, नाही तं पत्रा दबते. कोन उतरते?" तिथे आम्ही तिघे होतो. एक आठ महिन्यांची गरोदर, एक साठी ओलांडलेली. मी बनियनवर टाकीत उतरलो. शेजारचे तेलुगूचे शिक्षक कुंपणावरून डोकावले आणि अदबीने म्हणाले, "सारू, लोपला एंदुकु?" आत कशाला, या प्रश्नावर मी हातातले लाकूड वर करून दाखवले.

आत उकडत होते. प्रत्येक ठोका दातांत उतरत होता. मध्येच ठोके थांबले आणि मावशींचा आवाज आला.

"पोरी, कंबर काऊन धरून राह्यली?"

"मंगळवारी पंपावर पडली ना मी. घागर घेऊन."

"मास्तरले सांगतलं?"

"काय सांगू? घसरलं कसं, ते समजावून सांगतीन मले."

"अन् पोटातलं?"

"रातभर हाललंच नाही, मावशी. पहाटे हाललं, तवा माहा जीव जाग्यावर आला."

मी लाकूड धरून बसून राहिलो. मंगळवारी रात्री मी काय करत होतो, ते आठवत होते. वॉशर हिरव्या रंगाने दाखवावा की निळ्या, हे ठरवत होतो. थोड्या वेळाने ठोके पुन्हा सुरू झाले. आधीपेक्षा जोरात, असे मला वाटले.

भोक पडले, पाइप बसला, नट आवळले. टाकी भरणार होती दुसऱ्या पहाटे. संध्याकाळचे पाणी आणायचेच होते. मी घागर उचलून पंपावर गेलो. "मास्तर, रस्ता चुकले काय?" बायका हसल्या. पण जागा करून दिली. पुढच्या महिन्यात मुलगी झाली. धडधाकट, आणि आईसारखीच माझे स्पष्टीकरण पूर्ण होऊ न देणारी.

तीन वर्षांनी माझी निर्मल गावी बदली झाली. शाळेत माझ्या व्यवहारज्ञानावर एक भाषण झाले. मी खाली मान घालून ऐकले. तिथून मावशींचा निरोप घ्यायला गेलो आणि इतके दिवस जिभेवर असलेले विचारून टाकले. "त्या दिवशी हिला विचारताना मी टाकीच्या आत आहे, हे तुम्ही विसरला होतात का?"

मावशी कुणाच्या तरी डब्याला बूड लावत होत्या. त्यांनी वरही पाहिले नाही.

"आतून कोनी धरून हाये, हे मालूम असल्याबिगर मी ठोकतच नाही, मास्तर."