अमेरिकेची युद्धं आमच्या हेडफोनात

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की डॉक्टर 'उजवा' म्हणाले.

पायाखालचं पेडल दाबून रेकॉर्डिंग मागे नेलं, पुन्हा ऐकलं. स्वच्छ, ठणठणीत 'उजवा'. उजव्या पायाचा पुढचा अर्धा भाग काढायचा, ऑपरेशन उद्या सकाळी. अमेरिकेतली उद्याची सकाळ म्हणजे आमच्याकडे आजचाच संध्याकाळचा चहा. आणि त्या आजोबांचा सडलेला पाय होता डावा.

आमच्या त्या ऑफिसचे किस्से असे साठलेत, की आम्ही मैत्रिणी भेटलो की एक ओढायला जावं तर मागून चार येतात. लग्नं झाली, पोरं झाली, तरी नवरे बिचारे तेच तेच ऐकतात. मला मात्र ते सगळे या एका दिवसाला लटकलेले आठवतात. म्हणून तसेच सांगते.

काम साधं होतं. वाशीत एका फर्निचरच्या दुकानावर आमचा हॉल. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका हॉस्पिटलातले डॉक्टर पेशंट तपासून मशीनमध्ये बोलून ठेवायचे. ते झोपले की त्यांचे आवाज आमच्याकडे यायचे. आम्ही पंधरा-वीस पोरी हेडफोन लावून ते टाईप करायचो आणि त्यांना जाग येईपर्यंत रिपोर्ट तिकडे. नियम एकच, तोही भिंतीवर लावलेला: जे ऐकाल तेच टाईप करा.

*

मला डावा कसा माहीत? तो एका खेळाचा प्रताप.

माझ्या शेजारी सुरेखा बसायची. करावे गावची, घरची खाडीतली मासेमारी, आणि टायपिंगचा स्पीड असा की कीबोर्डच घाबरावा. तिनं खेळ काढला होता: डॉक्टरनं युद्धाचं नाव घ्यायच्या आत ते आपण ओळखायचं.

"कान," ती एक हेडफोन बाजूला करून म्हणायची. "दुसरा महायुद्ध."

पुढच्या वाक्यात डॉक्टर तेच म्हणायचे.

"याला झोप नाय. व्हिएतनाम."

बरोबर.

"पाय. कोरिया. थंडीत बोटं गेली असतील, बघ."

मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं. शीतयुद्धाची कारणं पाच आणि परिणाम सात, असं घोकून मी चांगला सेकंड क्लास काढला होता. त्या सात परिणामांत पायाची बोटं नव्हती.

आखाती युद्धवाले आले की मात्र खेळ बंद पडायचा. पोरं तिशीतली. एकाचे सांधे दुखतात, एकाला विसरायला होतं, एकाच्या अंगावर चट्टे. डॉक्टर सगळ्या तपासण्या सांगून शेवटी म्हणायचे, कारण सापडत नाही, सैन्यातल्या नोकरीशी संबंध दिसत नाही.

सुरेखा म्हणाली, "नवीन युद्ध हाय ना. काय दुखवायचं ते अजून ठरला नसंल."

*

महायुद्धवाल्यांत एक नमुना होता. बीपी वाढलेलं, पण गोळी घ्यायला तयार नाही. का? तर पाकिटावर लिहिलेलं, जर्मनीत तयार केलेली.

डॉक्टरांनी शांतपणे बोलून ठेवलं होतं: 'रुग्णाला समजावून सांगितलं, की युद्ध संपून पन्नासेक वर्षं झाली आणि जर्मनी आता आपल्या बाजूला आहे. रुग्णाचं म्हणणं, मला कुणी कळवलेलं नाही.'

लिमये मॅडम, म्हणजे आमचे रिपोर्ट तपासणाऱ्या, कधी हसायच्या नाहीत. त्या दिवशी पाणी प्यायला म्हणून उठून गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत.

*

तर माझे आजोबा कोरियावाले. नाव सांगत नाही. ऑफिसात सगळ्या त्यांना 'पायवाले आजोबा' म्हणायच्या, आणि त्यांच्या डॉक्टरांचं बोलणं मलाच चांगलं कळायचं म्हणून वर्षभर ती फाईल माझ्याकडेच.

कोरियातल्या बर्फात त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. उरलेल्या पायावर पुढे शुगरनं हात मारला. दर महिन्याला डावा पाय आणखी थोडा काळा. उजवा मात्र उत्तम. डॉक्टरांनी एकदा आजोबांचं वाक्य जसंच्या तसं घातलं होतं: 'हा पाय माझा. तो सरकारचा.'

बायको वारलेली. मुलगी लांबच्या गावात. तिची तक्रार, की बाबा दार उघडत नाहीत आणि फोन वाजून वाजून बंद पडला तरी उचलत नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर हे सांगायचे आणि मी टाईप करायचे.

एकदा जुलैमध्ये त्यांच्या रिपोर्टात आलं, की तिकडच्या स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी रुग्ण न्हाणीघरात दार लावून बसला होता. त्या आठवड्यात प्रत्येकीकडे असे दोन-चार होतेच. कुणी तळघरात, कुणी गाडीत काचा बंद करून. गावात फटाके उडत होते. माजी सैनिकांच्या सन्मानार्थ.

पुढे लक्षणं होती: रुग्ण चटकन दचकतो, झोपण्याआधी कड्या पुन्हा पुन्हा तपासतो, पाठीमागून कुणी आलेलं सहन होत नाही. मी ते टाईप करून तशीच बसले. हे सगळं मलाही होतं. मी लोणावळ्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

सुरेखानं मागून येऊन खांद्यावर हात ठेवला. मी खुर्चीतून उडाले.

"तू कोनच्या युद्धात होतीस गो?"

"एकत्र कुटुंबात," मी म्हणाले.

*

असो. 'उजवा' पुन्हा पुन्हा ऐकून मी लिमये मॅडमकडे गेले. हे डॉक्टर नवीन होते, सर्जन, आजोबांना एकदाच तपासलेले. जुने सगळे रिपोर्ट मी स्क्रीनवर उघडून ठेवले. डावा, डावा, डावा.

मॅडमनी स्वतः हेडफोन लावून ऐकलं. "उजवाच म्हणतायत."

"तेच तर चुकतंय."

"आता उजवाही खराब झाला असेल."

"मागच्या आठवड्यात तो ठणठणीत होता, मॅडम."

"मग पेशंट सांगेल ना, कुठला ते."

"भूल दिल्यावर कसा सांगेल?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला पाठ होता. त्यात एक जुना किस्सा होता.

झालं होतं असं, की मी नवीन असताना एका रिपोर्टात आलं, रुग्ण उशीखाली भरलेलं पिस्तूल ठेवून झोपतो. मी धावत मॅडमकडे गेले, पोलिसांना कळवायला हवं म्हणून. माझी अवस्था बघून मॅडमही घाबरल्या. त्यांनी आम्हाला काम देणाऱ्या तिकडच्या कंपनीला तातडीचा निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, एका शब्दाचं: 'मग?'

आणि मी पुढचं वाक्य ऐकलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, 'रुग्णाला पिस्तूल शेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवण्याचा सल्ला दिला.'

तेव्हापासून ऑफिसात माझं नाव टेन्शन. टेन्शन चहा घेणार का, टेन्शनला घरून फोन आलाय. त्यामुळे 'उजवा' ऐकून मी घाबरले, तर ती बातमी नव्हती. मी रोजच घाबरायचे.

"खाली एक ओळ टाक," मॅडम म्हणाल्या. "कृपया बाजू तपासावी. बस."

"ते कधी वाचणार?"

"रिपोर्ट पोचल्यावर."

"आणि ऑपरेशन?"

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. त्यांनाही हिशोब कळत होता. तिकडे रिपोर्ट वाचणारा माणूस नऊ वाजता येतो आणि सर्जन सातला.

*

मग सर. म्हणजे मालक. त्यांच्या केबिनमध्ये जायच्या आधी तुम्हाला पेढ्यांचं सांगायला हवं.

अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये राजस्थानात अणुचाचण्या झाल्या तेव्हा सरांनी अख्ख्या हॉलला पेढे वाटले होते. छाती काढून फिरत होते. "आता अमेरिकेला कळेल आपण कोण ते."

दोन दिवसांनी फॅक्स आला. अमेरिकेनं भारतावर निर्बंध घातले होते. तिकडची कंपनी घाबरली होती, कारण त्यांनी हॉस्पिटलला कधी सांगितलंच नव्हतं की रिपोर्ट भारतात टाईप होतात. हॉस्पिटलला वाटायचं, त्यांच्या गावातच कुठेतरी बायका बसल्यात.

सरांनी आम्हाला सगळ्यांना उभं केलं. "यापुढे आपण भारतात आहोत हे कुणाला कळता कामा नये."

सुरेखानं विचारलं, "मंग कुठं हाव, सर?"

"कुठेच नाही. आपण फक्त टाईप करतो."

उरलेल्या पेढ्यांचा खोका तेव्हा तिथेच टेबलावर होता. कुणी उघडला नाही.

तर केबिनमध्ये मी जुने रिपोर्ट दाखवले. सरांना पटलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्यांनी लगेच तिकडच्या कंपनीला फोन लावला. मशीन लागलं. निरोप ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा मशीन. अमेरिका झोपली होती.

"हॉस्पिटलला थेट लावा ना, सर. रिपोर्टच्या वर नंबर असतो."

"आणि सांगू काय? वाशीतून बोलतोय?"

"सर, पाय कापतायत."

"आणि इथल्या वीस जणींचे पगार? कॉन्ट्रॅक्ट गेलं तर मी तुझ्या घरी येऊन काय सांगू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू निरोप ठेवलास, मी ठेवला. आपलं काम झालं. या ऑफिसमधून हॉस्पिटलला फोन जाणार नाही. आणि कुणी केला, तर तिनं उद्या येऊ नये."

मी जागेवर आले. पुढची फाईल लावली. कान, दुसरं महायुद्ध. एक अक्षर टाईप होईना. नोकरी लागली तेव्हा आमच्या नेरुळच्या घरात मला पहिल्यांदा स्वतःचं कपाट मिळालं होतं. त्याची किल्ली पर्समध्ये होती. ती मी हातात घट्ट धरून बसले होते.

सुरेखानं हेडफोन काढला. "सर काय म्हनले?"

"या ऑफिसमधून फोन जाणार नाही."

"मंग खाली फोनचा बूथ हाय ना. तो काय यांच्या बापाचा ऑफिस हाय?"

"नोकरी जाईल गं."

"तुला विचारलं तर सांग, सुरेखानं लावला. माझा आवाज तिकडं कुनाला ओळखू येतो." तिनं माझी फाईल आपल्याकडे ओढली. "जा. तुजी टाईप करते मी."

*

बूथ साताऱ्याकडच्या मामांचा. आधी मार्केटात माथाडी होते, पाठ गेल्यावर बूथ टाकलेला. मी नंबर दिला तसे म्हणाले, "अमेरिका? एवढ्या भर दुपारी? कोन हाय तिकडं?"

"आजोबा."

"बरं हायेत ना?"

"ऑपरेशन आहे."

मामांनी रांगेतल्या दोघांना बाहेर बसवलं.

या मार्गावरील सर्व लाईन्स व्यस्त आहेत. पुन्हा. व्यस्त आहेत. मग एकदम लागला आणि एक बाई गोड आवाजात सांगू लागली, याच्यासाठी एक दाबा, त्याच्यासाठी दोन दाबा.

"काय म्हनतीया?" मामांनी काचेतून विचारलं.

"थांबा म्हणतेय."

"मग थांबा की."

मी वाटेत इंग्रजी वाक्यं जुळवली होती. शेवटी खरी ऑपरेटर आली तेव्हा त्यातलं एकही उरलं नाही. पाय चुकीचा आहे, एवढं कसंबसं म्हटलं. ती म्हणाली, ऑपरेशन विभागाला जोडते. तिथे मशीन. निरोप ठेवा. मी कट करून पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा. पुन्हा तीच ऑपरेटर.

मी आजोबांचं नाव सांगून म्हटलं, दाखल आहेत, त्यांच्या खोलीत जोडा.

"आपण कोण त्यांच्या?"

मला काय सुचलं कोण जाणे. "नात," मी म्हणाले.

 माझा तो इंग्रजी उच्चार, आणि कोरियात लढून आलेल्या त्या गोऱ्या म्हाताऱ्याचं नाव. मला वाटलं आता ठेवते. पण ती म्हणाली, "थांब हं बाळा, जोडते."

तिकडे घंटा वाजू लागली.

ते फोन उचलत नाहीत, हे जगात कुणाला माहीत असेल तर मला. मीच टाईप केलं होतं. घंटा वाजत राहिली. मामा काचेला नाक लावून उभे होते.  आता बंद पडेल, आता बंद पडेल, असं मी मनात म्हणत होते.

कुणीतरी उचलला.

आधी नुसता श्वास. मागे कसलीतरी चाकं घरंगळल्याचा आवाज, दोन माणसांचं बोलणं. मग एक घोगरा, चिडका म्हातारा आवाज, जो मी वर्षभरात एकदाही ऐकला नव्हता.

"जे कोण असाल ते, पटकन बोला. मला न्यायला आलेत."